तोंडात हवा भरून नेणारा मासा

भाईंदर सुटलं की लोकल खाडीवर चढते. एक लांब पूल, मग थोडी जमीन, मग दुसरा पूल आणि पलीकडे नायगाव. ती मधली जमीन म्हणजे पाणजू बेट. तिथे गाव आहे, नायगावला जायला होडी आहे. पण दाराशी लटकणाऱ्या बहुतेक प्रवाशांना पाणजू म्हणजे पुलाचा खडखडाट जिथे थोडा मंदावतो ती जागा. ओहोटीच्या वेळी तिथे खिडकीतून चिखल दिसतो. करडा, चकचकीत, तिवरांच्या मुळांपर्यंत पसरलेला. आणि त्या चिखलावर, रुळांपासून हाकेच्या अंतरावर, भर उन्हात एक मासा चरत असतो.

आगरी-कोळी त्याला निवटी म्हणतात. वीतभर लांबीचा, चिखलाच्याच रंगाचा, डोक्याच्या अगदी माथ्यावर दोन टपोरे डोळे असलेला. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खाड्यांत जी निवटी सर्रास आढळते तिचं शास्त्रीय नाव बोलिओफ्थाल्मस दुस्सुमिएरी. फ्रेंच मत्स्यतज्ज्ञ वालेन्सिएन यांनी 1837 साली हे नाव दिलं, आणि ते दिलं दुस्सुमिए नावाच्या एका दर्यावर्दी व्यापाऱ्यावरून. हा माणूस पूर्वेकडे व्यापाराला येई आणि जाताना मालाबरोबर पॅरिसच्या संग्रहालयासाठी माशांचे नमुने घेऊन जाई. आपल्याकडे कालवणात पडणारा मासा तिकडे शास्त्रज्ञांच्या टेबलावर जाऊन बसला तो असा.

निवटीकडे वळण्याआधी वसईच्या जमिनीबद्दल थोडं सांगायला हवं. वसई हे मुळात बेटच. दक्षिणेला उल्हास नदीची वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र, आणि पूर्वेला सोपाऱ्यापाशी येणारी खाडी. याच खाडीमुळे सोपारा प्राचीन काळी मोठं बंदर झालं, अशोकाचे लेख इथे कोरले गेले. पुढे खाडी गाळानं भरत गेली, मग माणसांनी भर घातली, रूळ आले, महामार्ग आला, आणि आज वसई-विरारच्या लाखो रहिवाशांना आपण बेटावर राहतो हे कुणी सांगितलं तर नवल वाटेल. पाणजू आणि वैतरणेच्या मुखाशी असलेलं अर्नाळा, ही मात्र अजून चारी बाजूंनी पाणी असलेली बेटं आहेत.

उष्ण कटिबंधातलं बेट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गॅलापागोसची कासवं येतात, मादागास्करचे लेमूर येतात. जगात इतरत्र कुठेही नाहीत असे प्राणी. वसईच्या बेटावर असा एकही मोठा प्राणी नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. वेगळी जात घडायला लाखो वर्षांचा एकांत लागतो, आणि वसईला तो कधी मिळालाच नाही. खाडी ओलांडली की सह्याद्रीच्या पायथ्याचं तुंगारेश्वरचं जंगल सुरू होतं. 2024 च्या मार्च-एप्रिलमध्ये एक बिबट्या वसई किल्ल्याच्या परिसरात कित्येक दिवस वावरत होता. शेवटी वन विभागानं त्याला पिंजऱ्यात पकडलं. जिथे बिबट्या येऊन राहतो ते बेट प्राण्यांच्या लेखी फारसं बेट नाही.

माझ्या मते वसईचं खरं वैभव बेटाच्या मध्यात शोधूच नये. ते कडेला आहे. जमीन संपते आणि पाणी सुरू होतं त्या मधल्या पट्ट्यात, ज्याला आपण खाजण म्हणतो. दिवसातून दोनदा तो समुद्राचा तळ असतो आणि दोनदा जमीन असतो. उधाणाच्या दिवसांत या किनाऱ्यावर पाणी चार मीटरच्याही वर चढतं-उतरतं. सहा तासांपूर्वी जिथे होडी चालत होती तिथे आता ऊन पडलेलं असतं. मासा असो वा मुंगी, या जागी राहायचं तर दोन्ही जगांत जगता आलं पाहिजे, आणि ही कला फार थोड्यांना साधली आहे.

हा चिखलही ऐरागैरा नाही. उल्हास राजमाचीजवळच्या डोंगरांत उगम पावते, वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात. दोन्ही नद्या सह्याद्रीचा काळा कातळ झिजवून त्याचा बारीक गाळ समुद्राकडे आणतात. खाडीत गोड्या पाण्याची खाऱ्याशी गाठ पडली की गाळाचे कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. ज्या सह्याद्रीवर आपण किल्ले पाहायला चढतो त्याचंच पीठ होऊन पाणजूच्या काठावर पसरलेलं असतं. वरचा जेमतेम काही मिलिमीटरचा थर सोडला तर त्यात प्राणवायू जवळपास नसतो. पाय रुतला की खालून काळा चिखल वर येतो आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो. प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू तिथे गंधकाची संयुगं वापरून आपला निर्वाह करतात, त्याचा तो वास.

आता या चिखलाचा पृष्ठभाग जवळून पाहा. पाणी उतरल्यावर काही वेळात करड्या चिखलावर सोनेरी-तपकिरी झाक चढू लागते. ते डायटम असतात. वाळूच्या कणाहून बारीक, काचेसारख्या कवचाची एकपेशीय शैवालं. ओहोटी लागली की ते चिखलातून सरकत वर येतात, उन्हात अन्न तयार करतात, आणि भरती येण्याआधी पुन्हा खाली उतरतात, म्हणजे लाट त्यांना वाहून नेत नाही. प्रयोगशाळेत नेलेल्या चिखलातसुद्धा, जिथे ना भरती ना ओहोटी, काही दिवस ते ठरल्या वेळी वर-खाली करत राहतात, असं शास्त्रज्ञांनी पाहिलेलं आहे. डोळा नाही, मेंदू नाही, आणि तरी अंगात भरती-ओहोटीचं घड्याळ! हे वाचलं तेव्हापासून मला चिखलाला नुसता चिखल म्हणवत नाही.

ही सोनेरी साय म्हणजे निवटीचं कुरण. ती डोकं डावीकडे-उजवीकडे फिरवत पुढे सरकते आणि खालच्या जबड्यातल्या आडव्या, दाट दातांनी चिखलाचा वरचा पापुद्रा खरवडून तोंडात घेते. तोंडातल्या तोंडात डायटम वेगळे होतात, चिखल बाहेर पडतो. ओला चिखल नीट न्याहाळला तर कमानीसारखे एकापुढे एक उमटलेले चरण्याचे ठसे दिसतात. कुवेतच्या किनाऱ्यावर याच निवटीच्या वागण्याचा अभ्यास झाला आहे. तिथे निवट्या आपापल्या हद्दीभोवती चिखलाचे बुटके बांध घालतात. तोंडात चिखल आणायचा, कडेला रचायचा. ओहोटीतही आत थोडं पाणी तुंबून राहतं, डायटमची वाढ चांगली होते, आणि शेजाऱ्याशी कटकटही कमी. बांधावरून भांडणं कशी होतात हे आपल्याला सांगायला नको, निवट्यांतही होतात. पाठीवरचा पर ताठ उभा करून, तोंड वासून दोघी समोरासमोर येतात. विणीच्या काळात नर शेपटीवर जोर देऊन हवेत उंच उड्या मारतात.

पण मासा पाण्याबाहेर श्वास कसा घेतो? माशाचे कल्ले पाण्यातला प्राणवायू टिपण्यासाठी घडलेले असतात. बाहेर हवेत त्यांचे पापुद्रे एकमेकांना चिकटतात आणि मासा गुदमरतो, प्राणवायूच्या समुद्रात राहूनही. निवटीच्या कुळानं यावर तोड काढली ती कातडीची. तिच्या कातडीत आणि तोंडा-घशाच्या आतल्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि प्राणवायू थेट तिथून आत शिरतो. अट एकच, अंग ओलं पाहिजे. म्हणून निवटी अधूनमधून चिखलात कुशीवर लोळण घेते. या कुळातल्या काही जातींना तर हवेची इतकी सवय झाली आहे की त्यांना पाण्याखाली डांबून ठेवलं तर त्या बुडून मरतात. बाजारात कोळणीच्या पाटीत इतर मासे निपचित पडलेले असताना निवट्या तासन् तास वळवळत का असतात, त्याचं कारण हेच.

डोळ्यांची गोष्ट तर याहून सरस. माशाला पापण्या नसतात, पाण्यात त्यांची गरजच नाही. पण चिखलावर बसलेल्या निवटीकडे मिनिटभर टक लावून पाहिलं तर ती डोळे मिचकावताना दिसते! टपोरा डोळा खाली खोबणीत ओढला जातो, कातडीची घडी त्याच्यावर येते, आणि डोळा ओला होऊन पुन्हा वर येतो. 2023 साली निवटीच्या आफ्रिकेतल्या एका भावंडावर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. डोळा ओला ठेवणं, त्यातला कचरा काढणं आणि इजा टाळणं, आपण ज्या तीन कामांसाठी पापणी मिटतो त्याच तीन कामांसाठी हा मासाही डोळा मिटतो, असं त्यात दिसून आलं. याच भावंडाविषयीचा 2015 चा दुसरा एक शोधही तितकाच चकित करणारा आहे. जमिनीवर भक्ष्य उचलायला जीभ लागते, माशाला तशी जीभ नाही. म्हणून हा मासा तोंडात पाण्याचा घोट घेऊनच बाहेर येतो. भक्ष्याजवळ पोचला की ते पाणी थोडं पुढे ढकलतो आणि भक्ष्यासकट परत आत ओढून घेतो. पाण्याचीच जीभ केली त्यानं.

साधारण 37 कोटी वर्षांपूर्वी काही मासे उथळ पाण्यातून जमिनीकडे सरकू लागले आणि त्यांच्यापासून बेडूक, सरडे, पाखरं आणि आपण झालो. निवटी आपली पूर्वज नाही. तिचं घराणं माशांच्या अगदी वेगळ्या शाखेचं आणि त्या मानानं कालपरवाचं. पण कोरडे पडणारे डोळे, हवेतला श्वास, पाण्याच्या आधाराशिवाय शरीर पेलणं, हे सगळे प्रश्न तिच्यापुढेही उभे राहिले, आणि तिनं त्यांची उत्तरं स्वतंत्रपणे शोधली. जीवाश्मांच्या पुस्तकात वाचायची गोष्ट नायगावच्या खाडीत रोज ओहोटीला घडते आहे.

निवटीचे शेजारी काही कमी नाहीत. तिवराचं पान उलटसुलट करून पाहा, त्यावर मिठाचे कण चमकताना दिसतील. मुळांतून आत आलेलं जादा मीठ हे झाड पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. चिखलात श्वास घेता येत नाही म्हणून त्याची मुळं पेन्सिलीएवढी वर येऊन हवा घेतात. त्याच मुळांमधून छोटे खेकडे फिरतात. त्यांतल्या नराचा एक नांगा अंगाएवढा मोठा, आणि तो हलवून हलवून तो मादीला बोलावत राहतो. चिंबोऱ्या बिळांत असतात. रात्री कोल्हे त्यांच्या मागावर तिवरांत शिरतात. आणि एक पाणसाप आहे, गेरार्डा नावाचा, मुंबईच्या आसपासच्या खाड्यांतही आढळणारा. साप भक्ष्य अख्खं गिळतात हे आपण शाळेत शिकलो. हा मात्र नुकतीच कात टाकलेला मऊ खेकडा गाठतो, अंगाचं वेटोळं करून त्यातून त्याला ओढतो आणि तुकडे तोडून खातो. तोंडात मावणार नाही एवढा खेकडाही त्याला असा खाता येतो.

पण मला सगळ्यात मोठं आश्चर्य वाटतं ते चिखलाच्या खाली, निवटीच्या बिळात.

बिळात पाणी भरलेलं असतं आणि त्या पाण्यात प्राणवायू नावालाच. भरती आली की निवट्या या बिळांत शिरतात. मग तिथे त्या जगतात कशा? 1998 साली जपानी शास्त्रज्ञ इशिमात्सु आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मलेशियातल्या एका मोठ्या जातीवर काम करून उत्तर दिलं. हे मासे तोंडात हवा भरून घेतात, बिळात उतरतात आणि खाली ती सोडतात. मग पुन्हा वर, पुन्हा एक घास हवा. असं करत करत बिळातल्या वर वळलेल्या खोलीत हवेचा साठा होतो. आपण पाण्याखाली जाताना हवेच्या टाक्या नेतो, हा मासा चिखलाखाली हवेची कोठी भरतो.

आणि तो हे स्वतःपुरतं करत नाही. मादी अंडी घालते ती याच खोलीच्या छताला, एकेक चिकटवून. म्हणजे माशाची अंडी पाण्यात नसतातच. समुद्राच्या चिखलाखाली, हवेत टांगलेली असतात. पाण्यात असती तर प्राणवायूवाचून मेली असती. राखण बाप करतो. ओहोटी लागली की तो वर येतो, तोंड भरून हवा घेतो, खाली नेऊन सोडतो, कारण अंडी श्वास घेतात आणि साठा सतत कमी होत असतो. आपल्या निवटीच्या सख्ख्या चुलत जातीत, चीन-जपानकडच्या बोलिओफ्थाल्मसमध्येही अशी हवा भरलेली अंड्यांची खोली सापडली आहे.

अंडी तयार झाली की नवा पेच येतो. पिल्लं पोहणारी आहेत, त्यांना पाणी हवं, आणि ती तर हवेत टांगलेली. जपानमधल्या एका जातीत शास्त्रज्ञांनी बिळातलं हे दृश्य टिपलं आणि 2007 साली प्रसिद्ध केलं. पिल्लं बाहेर पडण्याच्या रात्री, भरतीचं पाणी चढत असताना, बाप उलटं काम सुरू करतो. इतके दिवस घासाघासानं आत आणलेली हवा तो घासाघासानं बाहेर नेऊन सोडतो. हवा निघाली की पाणी वर चढतं, अंड्यांना भिडतं, आणि अंडी फुटतात. बापाला भरती कळली पाहिजे, रात्र कळली पाहिजे, आणि अंड्यांचे दिवस भरले हेही कळलं पाहिजे. एवढ्याशा डोक्यात हे तिन्ही हिशेब कसे जुळतात, याचा विचार करू लागलं की माझं वाचन तिथेच थांबतं आणि मी नुसता बसून राहतो.

पिल्लं मग भरतीच्या पाण्यातून मोकळ्या समुद्रात जातात, काही आठवडे तरंगत वाढतात आणि कुठल्या तरी खाडीच्या चिखलावर येऊन टेकतात. कुवेतच्या आखातापासून आपल्या किनाऱ्यापर्यंत एकच जात पसरलेली आहे, ती या तरंगत्या बालपणामुळे. मोठेपणी आपला बांध न सोडणारा मासा लहानपणी समुद्र पार करतो.

आगरी-कोळी बायाबापडे हे बीळ पिढ्यान् पिढ्या ओळखतात. त्याला एकाहून अधिक तोंडं असतात. एका तोंडावर पाय रोवायचा, दुसऱ्यात खांद्यापर्यंत हात घालायचा आणि बुळबुळीत मासा मुठीत धरून वर काढायचा. गुडघाभर चिखलात वाकून तासन् तास चालणारं हे काम आहे. यंत्र नाही, जाळं नाही, सगळी अक्कल बोटांच्या टोकांत. घरी आणून मीठ चोळून बुळबुळ काढायची आणि चिंच किंवा कोकम घालून कालवण करायचं. ज्यांनी ते खाल्लं आहे त्यांच्यापुढे पापलेटचं कौतुक करून उपयोग नसतो.

भरतीच्या वेळेचा हिशेब याच लोकांकडून शिकावा. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती पुरी. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. चंद्र रोज पाऊण-एक तास उशिरा उगवतो आणि पाणी त्याच्यामागून येतं, म्हणून हे गणित जमतं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पुरी होते.

खाजण म्हणजे पडीक जमीन, ही समजूत शहरात फार खोल रुजली आहे. रातोरात डंपर येतात, राडारोडा ओततात, पाण्याची वाट बंद होते. भरतीचं पाणी अडलं की आधी डायटम जातात, मग निवटी, मग तिवरं सुकतात. मुंबई उच्च न्यायालयानं 2018 च्या निकालात तिवरांच्या तोडीवर बंदी घातली आणि त्यांच्याभोवती 50 मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. राज्यात 2012 पासून कांदळवनांसाठी वन विभागाचा स्वतंत्र कक्षही आहे. कायदा आहे, आणि तो चांगला आहे. पण तो झाडाला ओळखतो. झाडापुढच्या उघड्या चिखलात, जिथे एकही पान नाही, तिथे कुणाचा बाप अंड्यांसाठी हवा वाहतो आहे हे डंपरवाल्याला आणि त्याला तिथे पाठवणाऱ्याला कोण सांगणार? म्हणून मी हे भेटेल त्याला सांगत असतो.

पाहायला जायचं तर तिथी काढून ओहोटीची वेळ गाठा. चिखलात उतरू नका. रुतायला होतं आणि बिळंही मोडतात. खाडीकाठच्या बांधावर किंवा जेट्टीवर उभं राहा, सूर्य पाठीशी ठेवा, पण आपली सावली चिखलावर पडू देऊ नका, कारण निवटीच्या लेखी सावली म्हणजे बगळा किंवा घार. आल्या आल्या सगळं रिकामं दिसेल. दहा मिनिटं हलू नका. मुलांना बरोबर नेलंत तर उड्या मोजायचं काम त्यांच्याकडे द्या, आणि दुर्बीण असेल तर ती एकाच निवटीवर धरून ठेवा, ती डोळा मिटेपर्यंत.